शेताच्या बांधावरचा बिनपगारी सल्लागार

शेतीविस्तार हा विषय नवी मुंबईत कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांनी व्याख्यान सुरू होण्याआधीच आम्हांला विचारला. प्रश्न रास्त आहे. या शहरात 'विस्तार' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो नवा सेक्टर, नवा रस्ता, नवा पूल. परंतु १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यावयाचे ठरले, तोपर्यंत घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ, करावे, बेलापूर ही नावे रेल्वेस्थानकांची अथवा वसाहतींची नव्हती. ती भाताच्या, मिठाच्या आणि मासळीच्या गावांची होती. या गावांत आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या पेण, कर्जत, अलिबाग या मुलखात शेतकऱ्याला नवे काही शिकवावे म्हणून सरकारने जे उद्योग केले त्यांची हकीकत आम्ही सांगणार आहोत. ती आमच्या कामगार चळवळीच्याही जवळची आहे. कारण गिरणीतला कोकणी कामगार आवणीच्या दिवसांत रजा टाकून गावी जात असे, आणि तो गेला नाही तर त्याची बायको आणि आई ते काम ओढीत.

शेतीविस्तार म्हणजे संशोधन केंद्रात ठरलेली गोष्ट शेतापर्यंत नेणे, अशी सरकारी व्याख्या आहे. ही वाट दोन माणसे चालवितात. एक पगारी असतो, दुसरा बिनपगारी. पगारी माणूस तालुक्याहून येतो, सांगतो आणि परत जातो. बिनपगारी माणूस त्याच गावात राहतो. तो आपल्या एका गुंठ्यावर नवा प्रयोग करतो, फसला तर हसू सोसतो आणि साधला तर शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवितो. या दुसऱ्या माणसाची नावे कोळून पाहावयाची म्हटली तर ती अनेक आहेत: ग्रामसहायक, निमंत्रक, संपर्क शेतकरी, कृषिमित्र. दर पंधरा-वीस वर्षांनी योजना बदलली की त्याला नवे नाव मिळाले. जुन्या नावाने केलेल्या कामाची मात्र कुठे नोंद राहिली नाही.

आरंभ राबापासून केला पाहिजे. ठाणे आणि कुलाबा (१९८१ पासून रायगड) या जिल्ह्यांत भाताचे रोप करावयाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या आणि गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात भाजतात. ती भाजलेली जागा म्हणजे राब. पहिल्या पावसात तिच्यावर बी टाकले की रोप तरारून येते आणि तण कमी होते. एकोणिसाव्या शतकात वनखात्याच्या साहेबांना हा राब डोळ्यांत खुपू लागला. झाडांच्या फांद्या तोडून जाळणे हा त्यांच्या मते शुद्ध अडाणीपणा होता. बंधने आली, लोकांत असंतोष माजला, आणि अखेर १८८५ ते १८८७ या काळात मुंबई सरकारला वनविषयक चौकशीसाठी आयोग बसवावा लागला. पुढे डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे इंग्लंडातील शेतीरसायनशास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात हिंडले. त्यांचा ग्रंथरूप अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात राबाचाही विचार आहे. येथला शेतकरी सरसकट मागासलेला आहे हे त्यांनी मान्य केले नाही. शिकवावयास निघण्यापूर्वी तो काय करतो व का करतो हे नीट पाहावे, अशी त्यांची एकंदर भूमिका होती. विस्ताराच्या इतिहासातले हे पहिले शहाणपण एका परक्या माणसाच्या हातून लिहिले गेले आणि मग बराच काळ कपाटात पडून राहिले. राबाच्या राखेची गोष्ट येथे संपत नाही. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

आपल्या माणसांनी हा विचार केला नव्हता असे नव्हे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली पुरे झालेल्या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याबरोबर उपायही सांगितले. पिकांची प्रदर्शने भरवावी, औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्या, उत्तम शेतकऱ्यास बक्षीस द्यावे, अशी त्यांची सूचना होती. म्हणजे शेतकऱ्यातूनच शिक्षक निघावा ही कल्पना सरकारी खलित्यात येण्याच्या पुष्कळ आधी पुण्यात मांडली गेली होती.

परंतु सल्ला देणाऱ्याने आधी एक गोष्ट विचारावयास हवी: जमीन कोणाची? कुलाबा जिल्ह्यात ती खोताची आणि सावकाराची होती. पीक वाढले तर वाढावा खोताच्या खळ्यात जाणार, हे ज्याला ठाऊक आहे तो कूळ जास्त शेणखत कशासाठी घालील? अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी जमीन कसण्याचेच नाकारले. हा संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. कारखान्यातल्या संपाची पोळी आम्ही रोज भाजतो, म्हणून सांगतो: सहा वर्षे चूल अर्धी ठेवून संप टिकविणे ही साधी गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या पायऱ्या त्यानंतरच्या आहेत. आमच्या मते कोकणातला खरा पहिला विस्तार कार्यक्रम चरीला झाला. त्याने बी किंवा खत दिले नाही. सल्ला ऐकण्यात अर्थ वाटावा अशी परिस्थिती मात्र निर्माण केली.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर ५५ सामुदायिक विकास प्रकल्प सुरू झाले आणि बरोबर एक वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. अमेरिकेचे साहाय्य होते, फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशातून प्रशिक्षण केंद्रे निघाली. गावच्या पातळीवरच्या नव्या नोकराला ग्रामसेवक हे नाव दिले. नाव मोठे भावपूर्ण, पण त्याच्या वाट्याला एकेका वेळी आठ-दहा गावे, आणि कामे म्हणाल तर बियाणे, खत, संडास, साक्षरता, रस्त्याचे श्रमदान, कर्जाचे अर्ज. एकटा माणूस हे करणार कसा? म्हणून १९५७ पासून गावोगावच्या होतकरू शेतकऱ्यांची दोन-चार दिवसांची शिबिरे भरवून त्यांना ग्रामसहायक म्हणून तयार करण्याचा उपक्रम निघाला. त्याच वर्षी बळवंतराय मेहता समितीने स्पष्ट सांगितले की, या सर्व कार्यक्रमाला लोकांचा पुढाकार म्हणून जो हवा होता तो जागा झालाच नाही.

या काळात भातशेतीत आलेली मोठी मोहीम म्हणजे जपानी पद्धत. तिचे प्रयोग मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले आणि १९५३ साली ती देशभर नेली गेली. रोपासाठी उंच गादीवाफे, बी थोडे पण निवडक, खत भरपूर, लावणी दोरी धरून सरळ ओळीत, आणि मग ओळींतून कोळपणी. पद्धत खरोखर चांगली होती आणि जेथे नीट झाली तेथे उतारा वाढला. तरी काही वर्षांत दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. शेतकरी परंपरेला चिकटून राहिला, असे कारण सांगण्याची चाल आहे. आम्ही कामगारांचे तास मोजणारी माणसे, आम्हांला निराळे कारण दिसते. लावणी करतात बायका. गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, डाव्या हातात रोपाची मूठ आणि उजव्या हाताने आवण खोचीत त्या मागे सरकत जातात. त्यांच्या हाताला एक चाल असते. दोरी लावली की ती चाल मोडते. एका ओळीनंतर सर्वांनी थांबावयाचे, दोरी हलवावयाची, पुन्हा वाकावयाचे. त्याच खाचराला अधिक बाया नाही तर अधिक दिवस लागणार, आणि आवणीचे दिवस पाऊस ठरवितो. ती जादा मजुरी कोणी द्यावयाची याचा विचार कोणी केला नाही. आणि ज्यांच्या हातांनी ही पद्धत अमलात यावयाची होती त्यांना सोडून शिबिराला बोलावले जात होते त्यांच्या नवऱ्यांना.

या कोरड्या कहाणीत एक ओलावा आहे आणि तो पुण्याचा आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि तेव्हाचे अहमदनगर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतामंडळे चालविली. गावातली वीसेक माणसे संध्याकाळी एकत्र जमून शेतीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत. असे २० कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळाचा एक निमंत्रक असे. तो गावचाच, अर्थात बिनपगारी. मंडळात काय बोलणे झाले, काय पटले, काय पटले नाही आणि कोणत्या शंका राहिल्या हे लिहून केंद्राकडे कळविण्याची सोय होती. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' असे ते सूत्र. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी असलेले पॉल न्यूराथ यांनी याची पाहणी केली. श्रोतामंडळे असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती इतर गावांच्या मानाने स्पष्टपणे वाढलेली त्यांना आढळली. पुढे १९५९ पासून हा उपक्रम देशभर नेला गेला, आणि पसरता पसरता पातळ होत गेला. त्या पहिल्या १५० गावांत कोकणातले एकही गाव नव्हते, याची आम्हांला हळहळ वाटते. आजवरच्या सर्व योजनांत बिनपगारी माणसाला वर प्रश्न विचारण्याची वाट मुद्दाम ठेवली होती ती येथे. बाकी ठिकाणी वाट एकाच दिशेची, वरून खाली.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामसेवक त्यांच्याकडे गेला. हळूहळू तो ग्रामपंचायतीचा चिटणीस झाला, दाखले आणि वसुली यांत बुडाला, आणि शेतातून दिसेनासा झाला. १९६६ नंतर आय. आर. ८ सारख्या बुटक्या जातींचे युग आले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पूर्वी कोलंबा, झिनी यांच्या निवडी दिल्या होत्या. पुढे त्याने कर्जत हे नाव धारण करणाऱ्या जाती दिल्या आणि त्या या मुलखात रुजल्या. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या गोष्टी मोठ्या आहेत, पण त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने 'प्रशिक्षण आणि भेट' ही योजना आली. डॅनियल बेनोर या इस्रायली तज्ज्ञाची ही रचना. तिच्यात सर्व काही घड्याळावर होते. विस्तार कार्यकर्त्याने पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गटात जावे, तेथे निवडलेल्या संपर्क शेतकऱ्यांना ठरलेला संदेश द्यावा, आणि त्या शेतकऱ्यांनी तो इतरांना द्यावा. कारखान्यातले पाळीपत्रक ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. शिस्त आली हे मान्य केले पाहिजे. निदान अमुक वारी अमुक माणूस येणार हे गावाला कळू लागले. परंतु संपर्क शेतकरी निवडताना ज्याच्याकडे जमीन जास्त, ओटी मोठी आणि चहाची सोय, त्याच्याकडे बोट वळणे स्वाभाविक होते. दुसरे असे की, सबंध साखळीचे शेवटचे आणि सर्वांत लांब टोक फुकट काम करणाऱ्या माणसाच्या हाती होते. गिरणीत सूत काढणाराला पगार आणि कापड विकणाराला पगार, मधल्या विणकराने मात्र समाजसेवा म्हणून विणावे, असा तो प्रकार झाला. १९९८ साली कृषी खात्याची 'एक खिडकी' पुनर्रचना झाली, तेव्हा ही योजनाही मागे पडली होती.

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. खाडीकाठची खाजणे बांध घालून भाताखाली आणणे ही या किनाऱ्याची जुनी विद्या. समुद्राकडचा मोठा बांध, आतले छोटे बांध, आणि भरतीचे पाणी अडवून पावसाचे बाहेर सोडणारी उघाडी. बांधाला खांड पडली की साऱ्या गावाने धावावयाचे. रायगडच्या खारेपाटात या सामुदायिक दुरुस्तीला जोळ म्हणत. १९४८ च्या खारजमीन कायद्यापासून बांधांची व्यवस्था क्रमाने सरकारी मंडळाकडे व खात्याकडे गेली. हेतू चांगला होता, पण खांड पडल्यावर गाव आता अर्ज लिहू लागले आणि अर्जाला भरती-ओहोटी कळत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने भुरा राता, काळा राता या स्थानिक जातींचा अभ्यास केला आणि क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. केंद्र खाऱ्या जमिनीसाठी बी तयार करीत होते, आणि त्याच तालुक्यात सातबाऱ्यावरची नावे बदलत होती. ज्या बांधांना वेळेवर माती पडली नाही तेथे खारे पाणी शिरले आणि पाठोपाठ कांदळवन आले. ते तोडणे २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, योग्य कारणाने, बंद झाले. ज्याचे शेत कांदळवन होऊन बसले त्याच्यासाठी मात्र कोणताही संदेश कोणत्याही पंधरवड्याला आला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या रक्तातून. या पट्ट्यातला शेतीविस्तार कोणी बंद केला नाही; त्याच्या खालची शेतीच निघून गेली.

डोंगराकडच्या बाजूला मात्र गोष्ट चालू राहिली आणि राखही परत आली. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी 'चारसूत्री' मांडली. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा चिखलात, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये खोल खोचावयाची युरिया-डीएपीची गोळी. त्या राखेतून रोपाला सिलिका मिळते आणि ते टणक होते, असे शास्त्र सांगते. ज्या राखेपायी आमच्या पणजोबांना अडाणी ठरविले गेले तीच, तुसाच्या रूपाने का होईना, शंभर वर्षांनी प्रयोगशाळेचा शिक्का घेऊन रोपवाटिकेत उतरली. त्यानंतर कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' बसविले. गादीवाफे एकदाच करावयाचे, लोखंडी साच्याने भोके पाडून त्यांत बी टोकावयाचे. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. हे तंत्र पुष्कळसे शेतकऱ्याने शेतकऱ्याला दाखवून पसरले. जपानी पद्धतीची दोरी जेथे अडकली होती ती गाठ येथे सुटली, कारण बाईचे वाकणे वाचले. अर्थात लावणीच्या मजुरीवर ज्या आदिवासी बाया चार पैसे मिळवीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्यासारख्याने तो विचारला नाही तर कोणी विचारावा?

सरकारी बाजूला २०१० च्या 'आत्मा' योजनेत दोन गावांमागे एक कृषिमित्र आला. त्याच्यासाठी वर्षाची तरतूद सहा हजार रुपये, म्हणजे महिन्याचे पाचशे. खात्यातल्या कायम पदावर जावयाचे तरी आधी काही वर्षे ठराविक मानधनावर 'कृषिसेवक' म्हणून काढावी लागली. सेवक, मित्र, सखी: पगार कमी असला की नाव गोड असते, हा आमचा कारखान्यातलाही अनुभव आहे, तेथे त्याला शिकाऊ म्हणतात. २०२३ पासून बचतगटांतल्या बायकांना कृषिसखी म्हणून प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या बारा राज्यांत महाराष्ट्र आहे. आवणी करणाऱ्या हातांना शिबिराचे बोलावणे पोहोचावयास १९५३ पासून सत्तर वर्षे लागली.

काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी पहारेकरी असलेले एक काका आमच्याकडे आले. मूळचे पेण तालुक्यातले, खारेपाटातले. काम बंद झाले होते आणि हिशेब मिळत नव्हता. हजेरीची चिठ्ठी, ओळखपत्र, जे असेल ते आणा, असे आम्ही सांगितले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले, त्यांत एक जुने, घडी पडलेले कार्ड निघाले. वर 'संपर्क शेतकरी' असे छापलेले आणि खाली रकाने: तारीख, दिलेला संदेश, सही. १९८० च्या दशकातली कित्येक पंधरवड्यांची नोंद त्यावर होती. बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया, रोपाचे वय, खताचा दुसरा हप्ता. मग त्यांच्या बांधाला खांड पडली, शेतात खारे पाणी आले, आणि ते नोकरीला आले.

"साहेब, हे पण लावता येईल का सर्व्हिसमध्ये?" त्यांनी विचारले. "सात वर्षे केलंय. एक मंगळवार चुकवला नाही."

आम्ही ते कार्ड उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती. पहारेकऱ्याच्या नोकरीचा त्यांचा हिशेब आम्ही पुढे मिळवून दिला, त्यात ती सात वर्षे धरता आली नाहीत. कार्ड ते परत घेऊन गेले.